गाडीच्या जीपीएसमध्ये आपली ठिकाणं नीट लावताना

इंदूरहून धुळे-नाशिकमार्गे पुणे म्हणजे सुमारे ६०० किलोमीटर. हा रस्ता गाडीतल्या जीपीएसला माहीत असतो. पण सेंधव्याच्या अलीकडे कोणत्या पंपावरचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे, लोकमान्यनगरातल्या आत्याच्या घराकडे गाडी कोणत्या गल्लीतून आत जाते, कुलदैवताच्या देवळापाशी गाडी कुठे लावता येते, हे कोणी सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. ते सांगण्याची सोय गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या उपकरणांत आहे आणि ती फार कमी लोक पूर्ण वापरतात.

बहुतेक जण जागेवर पोचल्यावर ‘सेव्ह’ दाबतात. पन्नासेक ठिकाणं साठली की नावं सारखी दिसू लागतात आणि ऐन वेळी हवं ते सापडत नाही. गार्मिनमध्ये अशी सेव्ह केलेली ठिकाणं ‘करंट’ नावाच्या एकाच जीपीएक्स (जीपीएसच्या ठिकाणांसाठी असलेल्या प्रकारच्या) फाइलीत एकाखाली एक पडत जातात. मोठ्या आणि कायमच्या संग्रहासाठी दुसरा मार्ग आहे. यादी संगणकावर करायची, तिथेच तिचे गट पाडायचे आणि सगळी एकदम उपकरणात चढवायची. मूळ यादी संगणकावर आणि उपकरणात तिची फक्त प्रत, एवढं ठरवून टाकलं की उपकरण बिघडलं, बदललं किंवा हरवलं तरी संग्रह हातात राहतो.

गट गावानुसार पाडू नयेत

इंदूर, उज्जैन, धुळे, पुणे असे गट करावेसे वाटतात. तसं केलं तर यादी कागदावर छान दिसते आणि गाडीत निरुपयोगी ठरते. कारण एखादा गट उघडला की उपकरण त्यातली ठिकाणं आपण असू तिथून जवळची आधी, लांबची नंतर अशी लावून दाखवतं. गाडी सेंधव्यात असताना ‘इंधन’ उघडलं तर सेंधव्याच्या आसपासचे पंप आपोआप वर येतात. गावाची वाटणी यंत्र स्वतः करतं. या क्षणी आपल्याला काय हवं आहे, एवढंच त्याला ओळखता येत नाही. तेव्हा गट पाडायचे ते गाडी चालवताना पडणाऱ्या प्रश्नांवरून: इंधन, खाणं, नातेवाईक, देवळं, दवाखाने, गाडीची दुरुस्ती, धोक्याच्या जागा. सीएनजीची गाडी असेल तर तिच्या पंपांना स्वतंत्र गट द्यावा, कारण टाकीत फार मावत नाही आणि पेट्रोलपंपांच्या गर्दीत ते हरवून जातात. सात-आठ गट पुरेत. छोट्या पडद्यावर एका वेळी चार-पाच ओळीच दिसतात, आणि चालत्या गाडीत यादी सरकवत बसणं धोक्याचं आहे.

नावाचंही तेच. पडद्यावर नावाची शेपटी कापली जाते, म्हणून वेगळेपण सांगणारा शब्द आधी यावा. ‘हॉटेल’, ‘श्री’, ‘डॉ.’ यांनी सुरू होणाऱ्या वीस नोंदी एकासारख्या एक दिसतात. ‘आत्या लोकमान्यनगर’, ‘मामा रामबाग’ ही चांगली नावं. नावं देवनागरीत ठेवावी असं आपल्याला मनापासून वाटतं, पण आधी तीन-चार नोंदींवर चाचणी घ्यावी. जुन्या उपकरणांत देवनागरीचे ठसेच नसतात आणि नावाच्या जागी चौकोन दिसतात. शिवाय शोधायची कळपाटी रोमन असेल तर देवनागरी नाव टाइप करून सापडणारच नाही. अशा वेळी नाव रोमनमध्ये ठेवून मराठी मजकूर टिपेच्या रकान्यात घालणंही फुकट जातं, चौकोन तिथेही दिसतात. सरळ सगळंच रोमन करावं.

आकड्यांचा घोटाळा

प्रत्येक ठिकाण म्हणजे शेवटी दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. प्राचीन भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा उज्जैनवरून जायची. आज जगभर ग्रिनिचची रेखा शून्य धरतात आणि त्या हिशोबाने उज्जैन ७५.७७ अंश पूर्वेला, तर इंदूर ७५.८६ अंशांवर येतं. इंदूरचा अक्षांश २२.७२ उत्तर. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवांकडे जाताना रेखा जवळजवळ येत जातात, त्यामुळे इंदूरला तो १०३ किलोमीटरच्या आसपास भरतो.

यावरून दशांशचिन्हापुढे किती आकडे हवेत ते ठरतं. दोन आकडे ठेवले तर जागा अर्ध्या किलोमीटरपर्यंत चुकू शकते. चौथ्या आकड्याची पायरी ११ मीटरची, पाचव्याची एक मीटरच्या थोडी वर. पाच आकडे लिहावेत. त्यापुढचे आकडे खर्‍या अचूकतेत भर घालत नाहीत, कारण मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइलसुद्धा पाचेक मीटरपर्यंतच बरोबर असतो.

आता नेहमी होणाऱ्या तीन चुका. पहिली, अंश-कला-विकला (अंश-मिनिट-सेकंद) आणि दशांश यांची गल्लत. इंदूरचा राजवाडा साधारण २२ अंश ४३ कला ७ विकला उत्तर आणि ७५ अंश ५१ कला १७ विकला पूर्व इथे आहे. हेच कोणी २२.४३०७ आणि ७५.५११७ असं लिहिलं, तर राजवाडा मानपूरच्याही पश्चिमेला, मूळ जागेपासून ४५ किलोमीटरहून अधिक नैर्ऋत्येला जाऊन पडतो. कला साठाने आणि विकला ३६०० ने भागून मिळवाव्या लागतात: ४३ भागिले ६० म्हणजे ०.७१६६७, अधिक ७ भागिले ३६०० म्हणजे ०.००१९४, एकूण २२.७१८६१. ही चूक ओळखायची एक खूण आहे. यादीतल्या एकाही आकड्यात दशांशानंतरचे पहिले दोन अंक ५९ च्या वर जात नसतील, तर कलाच दशांश म्हणून उतरवल्या गेल्या आहेत असं समजावं.

दुसरी चूक क्रमाची. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. गार्मिनची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी) मात्र रेखांश आधी मागते, मग अक्षांश, मग नाव, मग टीप. गूगलच्या नकाशातून उतरवलेल्या केएमएल फाइलीतही रेखांश आधी असतो. क्रम उलटला तर इंदूरचं ठिकाण ७५.८६ उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्या उत्तरेला बॅरंट्स समुद्रात जातं. भारतात ही चूक पकडणं सोपं आहे. आपल्या देशाची मुख्य भूमी ८ ते ३७ अक्षांश आणि ६८ ते ९७ रेखांश यांत बसतो, म्हणजे दोन आकड्यांपैकी लहान तो अक्षांश, मोठा तो रेखांश. जीपीएक्स फाइलीत दोन्ही आकड्यांवर त्यांचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे हा गोंधळ होतच नाही. शक्य असेल तिथे जीपीएक्सच वापरावी असं सांगण्याचं मुख्य कारण हेच.

तिसरी चूक जुन्या नकाशांमुळे होते. मांडूजवळच्या एखाद्या दरीची किंवा नर्मदेच्या घाटाची जागा सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशावरून काढली, तर ती शंभर मीटरच्या आसपास सरकलेली निघते. ते नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या मापांवर आधारलेले आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू आपल्या मध्य प्रदेशातच, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ हे जागतिक मापन वापरतो. जुना आकडा घ्यायचाच असेल तर आधी रूपांतर करून घ्यावा.

जागा नोंदवायची ती फाटकाची

उपकरण आपल्याला थेट बिंदूपर्यंत नेत नाही. बिंदूला सर्वांत जवळ असलेला रस्ता शोधून तिथे नेऊन सोडतं. बिंदू इमारतीच्या मधोमध ठेवला आणि तिची मागची भिंत दुसऱ्या गल्लीला लागून असेल, तर गाडी मागच्या गल्लीत उभी राहते. मोठ्या रस्त्यांवर याचा त्रास जास्त. इंदूर बायपासला मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड शेजारी-शेजारी धावतात. पंप सर्व्हिस रोडवर असून बिंदू मुख्य रस्त्याच्या कडेला पडला असेल, तर ‘पोचलात’ अशी घोषणा होते आणि पंप कठड्यापलीकडे दिसत राहतो. तेव्हा बिंदू फाटकासमोर, ज्या पट्टीतून आत वळायचं त्याच पट्टीवर ठेवावा. दुभाजक असलेल्या महामार्गावर जाताना आणि येताना वेगळे पंप लागतात, म्हणून नावातच ‘धुळ्याकडे’ किंवा ‘इंदूरकडे’ हा शब्द घालावा.

जागेवर उभं राहून मोजायचं असेल तर सराफा, सीतलामाता बाजार अशा अरुंद गल्ल्यांत सावध राहावं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि संदेश यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. भिंतींवर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो. फक्त १०० नॅनोसेकंद उशीर झाला तरी त्या अंतरात ३० मीटरची भर पडते. अशा ठिकाणी गल्लीच्या तोंडाशी, आभाळ मोकळं दिसेल तिथे एक-दोन मिनिटं थांबून आकडा घ्यावा, आणि गाडीही बहुधा तिथपर्यंतच जाणार असते.

नातेवाइकांकडून पत्ता मागवताना डिजिपिन मागता येतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला हा दहा चिन्हांचा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. तो आधी अक्षांश-रेखांशात बदलून मग यादीत घालावा.

फाइल बनवताना आणि चढवताना

एक्सेलमध्ये यादी करणं सोयीचं, पण तीन खड्डे आहेत. रकान्याला दोन दशांशांचं रूप दिलेलं असेल तर सीएसव्ही करताना जे दिसतं तेच साठतं आणि उरलेले अंक कायमचे जातात. साधी सीएसव्ही निवडली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, यूटीएफ-८ ची सीएसव्ही निवडावी. आणि नावात किंवा पत्त्यात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर दुहेरी अवतरणांत हवा, नाहीतर उपकरण त्याला नवा रकाना समजतं. आकडे इंग्रजीच (1, 2, 3) टाइप करावेत, देवनागरी आकडे वाचले जात नाहीत. नावात ‘ॲट’चं चिन्ह (@) टाळावं. यादी उपकरणात चढवणारा गार्मिनचा ‘पीओआय लोडर’ हा प्रोग्राम त्यापुढच्या आकड्याला वेगमर्यादा समजतो आणि एखाद्या चहाच्या दुकानाजवळही वेगाचा इशारा वाजू लागतो.

प्रत्येक गटाची एक फाइल करावी, कारण फाइलीचं नाव हेच गटाचं नाव होतं. त्याच नावाचं २४ बाय २४ ठिपक्यांचं बीएमपी चित्र शेजारी ठेवलं की नकाशावर ते चिन्ह दिसतं. चित्रातला गडद गुलाबी रंग (लाल २५५, हिरवा ०, निळा २५५) पारदर्शक धरला जातो. टॉमटॉमला ओव्ही२ फाइल आणि २२ बाय २२ चं चित्र लागतं. एका प्रकारातून दुसऱ्यात जायला ‘जीपीएसबाबेल’ हा फुकट प्रोग्राम चांगला आहे.

सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून पीओआय लोडरला तो फोल्डर दाखवायचा. इथे सर्वांत महागात पडणारी गोष्ट: लोडर दर वेळी उपकरणातला जुना संच पुसून नवा लिहितो. नवे पाचच पंप घालायचे म्हणून पाच नोंदींची वेगळी फाइल चढवली, तर आधीची सगळी ठिकाणं जातात. म्हणून कायम पूर्ण फोल्डरच चढवावा. उपकरण संगणकाला दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

धोक्याच्या जागांचा इशारा

लोडरच्या ‘मॅन्युअल’ पद्धतीत फाइलीगणिक इशाऱ्याचं अंतर ठरवता येतं. अंतर मीटरमध्ये भरायचं असलं तरी विचार सेकंदांत करावा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ५०० मीटर म्हणजे जेमतेम २३ सेकंद, आणि ते पुरेसे आहेत. सिमरोलपुढच्या भेरू घाटात वेग ४० वर येतो, तेच अंतर ४५ सेकंदांचं होतं. त्यात अंतर सरळ रेषेत मोजलं जात असेल, तर वळणावळणाच्या रस्त्यावर प्रत्यक्ष अंतर त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं आणि इशारा फार आधी वाजून विसरला जातो. घाटासाठी २०० ते २५० मीटर ठेवावं. मानपूर आणि धामनोदमधल्या गणपती घाटासारख्या ठिकाणी, जिथे नवा वळणरस्ता झाला आहे, तिथे जुना बिंदू शेजारच्या रस्त्यावरूनही वाजतो, तो हलवावा. आणि इशारे फक्त याच गटाला द्यावेत. देवळं-हॉटेलांनाही दिले की उपकरण सतत वाजत राहतं आणि घाटातल्या इशाऱ्याकडेही लक्ष जात नाही.

चढवण्याआधी एक तपासणी दोन मिनिटांत होते. एक्सेलमध्ये अक्षांशांचा आणि रेखांशांचा सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा काढावा. इंदूर-उज्जैन ते पुणे या पट्ट्यातली यादी असेल तर अक्षांश १८ ते २४ आणि रेखांश ७३ ते ७७ यांच्या बाहेर काही जायला नको. मग आकडे चौथ्या दशांशापर्यंत पूर्णांकित करून लावले की बहुतेक दुबार नोंदी शेजारी-शेजारी येतात. टिपेच्या रकान्यात जागा शेवटची पाहिल्याचा महिना आणि साल लिहावं. दिवाळीच्या प्रवासाआधी दोन वर्षांहून जुन्या नोंदी त्यावरून वेगळ्या काढता येतात, आणि बंद पडलेला सीएनजी पंप यादीतून निघतो. हीच फाइल जीपीएक्स करून मोबाइलवरच्या ‘ऑसमअँड’मध्येही घेता येते, तेव्हा उपकरण नसलेल्या दुसऱ्या गाडीतही सगळे गट तसेच दिसतात.