शेल्टरमधला मोठा कुत्रा घरी आणताना

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुत्रा दत्तक घ्यायचा विचार चालू असेल, तर आमचे सांगणे एकच आहे: पिल्लाचा हट्ट सोडा आणि दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा बघा. आणि घरी आणल्यावर त्याला वेळ द्या, तुम्हाला वाटतो त्याहून जास्त.

आमच्या दुकानात खाद्य, पट्टे, आंघोळ-केसकापणी आणि संध्याकाळी डॉक्टरांची तपासणी एवढे होते. पिल्ले आम्ही विकत नाही, कुणाकडून मागवूनही देत नाही. तरी रोज कुणी ना कुणी पिल्लाचीच चौकशी करते. शेल्टरमध्येही, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातही, हेच होते. पिल्ले पटापट जातात. अपघातातून वाचलेले, खरजेतून बरे झालेले, मालक परगावी गेला म्हणून मागे राहिलेले मोठे कुत्रे तिथेच राहतात. त्यांना आपले घर मिळावे असे आम्हाला मनापासून वाटते, पण या सल्ल्यात तुमचाही फायदा आहे.

पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस लागते. तोवर पार्व्हो आणि डिस्टेम्पर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची धास्ती असते. पार्व्होचे विषाणू जमिनीत, फटींत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे आधीचे पिल्लू ज्या घरात त्या आजाराने गेले, तिथे लसी पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणूच नये. शिवाय दर दोन तासांनी शू, कुरतडलेल्या चपला आणि हे पुढे किती मोठे होणार याचा अंदाज नाही. मोठ्या कुत्र्याचे सगळे समोर असते. उंची-वजन दिसते, नसबंदी आणि लसीकरण बहुतेक वेळा झालेले असते आणि मुख्य म्हणजे स्वभाव कळतो. तो मुलांत रमतो का, मांजर दिसले की काय करतो, दुचाकीमागे धावतो का, एकटा राहतो का, हे त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला पक्के ठाऊक असते. शेल्टरच्या वेबसाइटवरच्या फोटोपेक्षा त्या माणसाशी केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा कितीतरी मोलाच्या आहेत.

देशी कुत्रा आपल्या हवेत मुरलेला असतो. आखूड केस, मध्यम बांधा, लांब नाक. पगसारखी धाप लागत नाही, हस्कीसारखा एसी लागत नाही. शेल्टरमध्ये तुम्हाला हस्की, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्डही दिसतील. हौसेने घेतले आणि झेपले नाहीत म्हणून सोडलेले. त्यांनाही घर हवेच आहे. फक्त खर्चाचा, उन्हाळ्याचा आणि केस विंचरण्याचा हिशेब आधी करा.

कुठे जायचे? पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी, मुंबईत देवनारची इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स, योडा आणि वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्स, गोव्यात आसगावची इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू. फोन करून जा. घरातले सगळे जण जा, आजी-आजोबांसकट; ज्याला कुत्रा नको आहे त्याला तर आवर्जून न्या. एका भेटीत ठरवू नका. जाळीमागे जोरजोरात भुंकणारा कुत्रा साखळी लावून बाहेर काढला की शांत चालतो, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला दुसऱ्या भेटीत हात हुंगायला येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातले भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा, पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. म्हणजे वर्षानुवर्षे माणसांत वावरलेल्या, वॉचमनच्या डब्यातली पोळी खाऊन वाढलेल्या मोठ्या कुत्र्यांची शेल्टरमध्ये भर पडणार. त्याआधी २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच, असे न्यायालयाने म्हटले आहे. ही अट गंभीरपणे घ्या. वर्षभरात बदली होणार असेल, परदेशी जायचे चालले असेल किंवा दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असाल, तर आत्ता दत्तक घेऊ नका. त्याऐवजी काही आठवड्यांसाठी फॉस्टर व्हा, म्हणजे शेल्टरचा कुत्रा तात्पुरता घरी सांभाळा. शस्त्रक्रियेनंतर घरात विश्रांती हवी असलेले कुत्रे शेल्टरमध्ये नेहमीच असतात.

पहिले दिवस

शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. तीन दिवस तो बिथरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची दिनचर्या कळते, हे घर आपले आहे हे कळायला तीन महिने लागतात. जे कुत्रे परत केले जातात, त्यातले बरेचसे पहिल्या पंधरवड्यातच, असा आमचा अनुभव आहे. घाई नडते ती इथे.

आल्या आल्या औक्षण, पेढे, शेजारपाजाऱ्यांची गर्दी, व्हिडिओ कॉल हे सगळे प्रेमापोटी होते, पण त्याला तोंडासमोर आलेली ज्योत आणि दहा अनोळखी हात एवढेच दिसते. महिन्याभराने करा, तेव्हा तो शेपूट हलवत बसेल. पहिल्या दिवशी आंघोळही नको. पाहुण्यांची ये-जा नसलेल्या खोलीचा एक कोपरा, जुनी गोधडी, पाण्याचे भांडे, बस. बाल्कनीत ठेवू नका. तो पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नका. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर वाचत बसा, तो आपणहून येतो. पहिला दिवसभर काही खाल्ले नाही, शू केली नाही, तरी घाबरून जाऊ नका. चोवीस तासांनंतरही पाणी पीत नसेल तर मात्र डॉक्टर.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. दूधवाल्यासाठी दार किलकिले झाले, कुकरची शिट्टी वाजली, रस्त्यावर बुलेटचा आवाज आला, की नवा कुत्रा सुसाट सुटतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. म्हणून पहिले तीन महिने हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही वापरा, दोन्हींना साखळी जोडा, आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लावा. दिवाळीच्या तोंडावर कुत्रा आणू नका. फटाके संपल्यावर आणा.

गुरगुरला तर मारू नका, ओरडूही नका. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दिल्याबद्दल शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. खाताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. एकटे राहायला शिकवताना पाच मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. रजा टाकून चार दिवस त्याच्यासोबत सतत बसायचे आणि पाचव्या दिवशी दहा तास कुलूप लावायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

खाणे पहिला आठवडा शेल्टरमध्ये होते तेच, मग सात-आठ दिवसांत हळूहळू बदला. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण पोसला जात नाही. उकडलेले अंडे, चिकन-भात, थोडे दही किंवा चांगले तयार खाद्य द्या. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे अजिबात नकोत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही नकोत.

तब्येत

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याची पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी करून घ्या, तो ठणठणीत दिसत असला तरी. गोचिडींमुळे होणारा ताप आपल्याकडे फार आहे. खाणे सुटणे, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त ही त्याची लक्षणे. प्लेटलेट उतरलेल्या सापडतात. तपासणीत एर्लिकिया हा गोचिडींतून येणारा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून तो मध्येच बंद करू नका. जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त दिसले तर टीव्हीटी नावाची गाठ असू शकते. ही एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे, मुख्यतः समागमातून, पसरते. नाव ऐकून लोक हादरतात, पण व्हिन्क्रिस्टिनच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरी होते. घरातली ताप-दुखीची गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका; आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

कानाला खाच असेल तर नसबंदी झाली आहे असे समजा, पण कागद मागा. रेबीजची लस दरवर्षी द्यायची, चुकवायची नाही. कुणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

सोसायटीने हरकत घेतली तर भांडू नका, कागद दाखवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला जवळ असला की बोलणे सोपे होते. विष्ठा उचलायची पिशवी खिशात असली की त्याहून सोपे होते.

आणि खरेच जमले नाही तर? शेल्टरला फोन करा. बहुतेक संस्थांच्या करारात कुत्रा त्यांच्याकडेच परत द्यायचा असे लिहिलेले असते. परस्पर कुणाला देऊ नका. रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण त्याआधी एकदा आमच्याकडे या. कुत्रा सोबत आणा किंवा घरी काय घडते याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. येताना लसीचे पुस्तक, शेल्टरचा कागद आणि तो सध्या काय खातो याची नोंद घेऊन आलात तर डॉक्टरांना लगेच बघता येईल. संध्याकाळी गर्दी असते. बुजरा कुत्रा असेल तर आधी फोन करा, आम्ही दुकान रिकामे असतानाची वेळ देऊ.