नागरी रेल्वे प्रकल्पांतील गुंतागुंत

मेट्रो, भुयारी वा उपनगरी रेल्वे बांधताना एका ठिकाणचा निर्णय, उशीर किंवा चूक इतर कामांमध्ये किती दूरवर पोचते, ते सांगणारी प्रकल्प व्यवस्थापनातील संकल्पना. अवघड काम आणि गुंतागुंतीचे काम यांत फरक आहे. बेसॉल्टचा कातळ कापणे अवघड असते. पण तो कापताना वरच्या शंभर वर्षांच्या चाळीला तडा जाऊ नये, शेजारची जलवाहिनी फुटू नये आणि निघालेला मुरूम वाहणाऱ्या डंपरला रस्ताही मिळावा, अशी अट पडली की ते काम गुंतागुंतीचे होते.

मोजमाप : डेव्हिड बॅकारिनी यांनी १९९६ मध्ये गुंतागुंतीची दोन अंगे मांडली : घटकांचे वैविध्य आणि त्यांचे परस्परावलंबन. टेरी विल्यम्स यांनी १९९९ मध्ये अनिश्चिततेची भर घातली. व्यवहारात तज्ज्ञांकडून तांत्रिक, संघटनात्मक आणि भोवतालच्या घटकांना भार देऊन गुणांक काढतात, किंवा कोणते काम कोणावर अवलंबून आहे याचा तक्ता मांडतात. साधा हिशेबही बोलका असतो. सात कंत्राटदारांमध्ये २१ जोड्या होतात, पंधरांमध्ये १०५. कंत्राटदार दुपटीहून किंचित जास्त झाले की सांधे, म्हणजे दोघांची कामे जिथे जुळतात त्या जागा, पाचपट. गुणांक मात्र तज्ज्ञांच्या मतावर उभा असतो, त्यामुळे दोन मार्गांची तुलना करायला तो उपयोगी पडतो. त्याला तापमापकासारखे वाचणे धोक्याचे आहे.

मुंबईचा अनुभव : कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मेट्रो मार्गिका ३ या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. लांबी ३३.५ किमी., स्थानके २७, त्यांपैकी २६ भुयारी. बोगदे आणि स्थानकांचे काम सात भागांत वाटले होते, त्यासाठी बोगदा खोदणारी १७ टीबीएम यंत्रे जमिनीखाली उतरली आणि मार्ग मिठी नदीच्या पात्राखालूनही गेला. तरी सगळ्यांत बिकट गाठी पृष्ठभागावर पडल्या. गिरगाव-काळबादेवीत रस्ता चिंचोळा, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, आणि तिथले रहिवासी परिसर सोडायला राजी नव्हते. तिथे स्थानक म्हणजे एकाच वेळी जमिनीखालच्या खोदकामाचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न होता. पारशी अग्निमंदिरांजवळून जाणाऱ्या बोगद्याचा वाद न्यायालयात गेला. दक्षिण मुंबईतील रात्रीच्या कामावर उच्च न्यायालयाने काही काळ बंदी घातली होती. पण मुरूम रात्री हलला नाही तर दिवसाचे खोदकामही अडते. कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करण्याची व दुरुस्तीची जागा, गोरेगावच्या झाडीच्या आरे परिसरातून २०२० मध्ये कांजूरमार्गला नेण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेत आले. या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्याला झालेला विरोध केवळ ‘अडथळा’ म्हणून नोंदवणे चुकीचे ठरेल. शहरातले लोक हेही प्रकल्पाचे घटक असतात, आणि त्यांना मोजले नाही तर गणितच अपुरे राहते. सुरुवातीला २३,१३६ कोटी रुपये धरलेला खर्च ३७,००० कोटींच्या पुढे गेला.

लंडन शहराखालून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पात गाठ वेगळ्या जागी होती. शहराखालच्या बोगद्यांचे खोदकाम २०१५ मध्येच संपले होते. पण एकाच गाडीला मार्गावरच्या तीन वेगवेगळ्या सिग्नल प्रणालींशी जुळवून घ्यायचे होते. ती जुळणी आणि स्थानकांतील अपुरी कामे यांमुळे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा मध्य लंडनमधला भाग २४ मे २०२२ रोजी खुला झाला.

व्यवस्थापन : प्रत्येक सांध्याला एक जबाबदार व्यक्ती नेमणे, ही पहिली पायरी. दोन कंत्राटांच्या सीमेवरचे काम दोघांनाही दुसऱ्याचे वाटते, आणि उशीर बहुधा तिथूनच सुरू होतो. पाणी, वीज अशा सेवावाहिन्यांचा शोध खोदाईआधी चर घेऊन केला जातो, कारण जुन्या शहरांत नकाशांवर पूर्ण विसंबता येत नाही. इमारतींवर खचणे आणि कलणे मोजणारी उपकरणे बसवून इशारापातळी ठरवतात. ती ओलांडली की काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याकडे असावा लागतो. चाचण्यांसाठी राखलेला वेळ बांधकामाच्या उशिरात खर्ची पडू न देणे हा क्रॉसरेलचा धडा. मार्ग टप्प्याटप्प्याने उघडणे हाही एक उपाय : मार्गिका ३ वर आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून वरळीचा आचार्य अत्रे चौक मे २०२५ मध्ये आणि पुढे कफ परेडपर्यंतचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.