फांदीवरचा घोस: सातेरीचा थवा की फुलोरीचं पोळं?

मधपेटी नवीन आणली की माणूस फांदीला लटकलेला माश्यांचा प्रत्येक घोस हेरू लागतो. पण धरायला जाण्याआधी एक बघा: माश्यांच्या आत मेणाचं पोळं आहे का?

नसेल, तर तो बहुधा सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या मधमाशीचा थवा. सातेरीचं खरं घर अंधारातलं: झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली फट. आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी. फुलोऱ्याच्या दिवसांत मोहोळ भरलं की जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते. फांदीवरचा मुक्काम तात्पुरता असतो, शोधक माश्या नवी जागा हेरून येईपर्यंत. राखायला पिल्लं नाहीत, पोटात मध भरलेला. म्हणून या वेळी त्या सहसा शांत असतात.

पोळं असेल, तर ती बहुधा फुलोरी, उघड्यावर राहणारी छोटी मधमाशी. फांदी हे मात्र तिचं घरच. काटकीला वेढून बांधलेलं, साधारण तळहाताएवढं एकच पोळं, वर माश्यांची गोधडी. मुंग्या येऊ नयेत म्हणून काटकीवर दोन्ही बाजूंना चिकट पट्टाही लावलेला असतो. माशी सातेरीहून लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस. फुलोरीचे थवेही उडतात, तेव्हा पोळं दिसत नाही; मग हा तांबूस रंगच बघायचा.

हिला पेटीत कोंबू नका, टिकत नाही. अन्नाची दिशा सांगणारा नाच ती पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर, उघड्या उजेडात करते. सातेरी तोच नाच अंधारात, उभ्या पोळ्यावर करते, म्हणून तिला पेटी मानवते.

थवा आपणहून येऊन बसावा म्हणून लावायचा सापळाही अर्थात सातेरीसाठीच. जुनी पेटी किंवा मडकं घ्या, आतून मधमाश्यांचं मेण चोळा, येण्याजाण्यापुरतं लहान भोक ठेवा आणि सावलीत उंचावर बांधा. जुनी पोळी आत ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, मेणकिडा लागतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी चांगली सापडते. उघड्या, कोरड्या पठारावर झुडपांतून फुलोरीच जास्त भेटते, तिथे रिकामं मडकं रिकामंच राहू शकतं.

थवा आलाच, तर पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या त्याला हुसकावतात. पहिले काही दिवस दाराला राणी अडवणारी जाळी लावा. तिच्यातून कामकरी माश्या ये-जा करतात, राणी अडते. सातेरीला जागा पटली नाही, तर ती सगळा संसार टाकून निघून जाते. पिल्लं वाढू लागली की जाळी काढा.