मिरर, मिरर (स्टार ट्रेक)

‘मिरर, मिरर’ हा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील चौथा भाग असून तो ६ ऑक्टोबर १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रथम प्रक्षेपित झाला. त्याची पटकथा जेरोम बिक्सबी यांची आणि दिग्दर्शन मार्क डॅनियल्स यांचे आहे. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानावरील चौघे जण अपघाताने एका समांतर विश्वात जाऊन पोहोचतात. तिथे यान तेच आहे, सहकारीही तेच आहेत, परंतु शांतताप्रिय ग्रहसंघाच्या जागी दहशतीवर चालणारे साम्राज्य आहे. समांतर विश्वाची कल्पना या मालिकेला नवी नव्हती. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात प्रक्षेपित झालेल्या ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’ या भागात प्रतिद्रव्याच्या विश्वाची कथा येऊन गेली होती. मात्र त्या विश्वातला समाज कसा आहे, हे प्रेक्षकांना कळत नाही. ‘मिरर, मिरर’मध्ये दुसरे विश्व प्रथमच राहत्या जगासारखे उभे राहिले, आणि तिथले कायदे, रीती, बढत्या आणि भीती यांचे तपशील हेच या भागाचे खरे बळ आहे.

कथेचा आरंभ हाल्कन लोकांच्या ग्रहावर होतो. कप्तान कर्क, डॉ. मॅकॉय, अभियंता स्कॉट आणि संदेशवहन अधिकारी उहुरा हे यानाला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेत लागणाऱ्या डायलिथियम स्फटिकांच्या खाणकामाची परवानगी मागण्यासाठी तिथे गेले आहेत. या स्फटिकांचा उपयोग कधीतरी जीव घेण्यासाठी होईल, या भीतीने हाल्कन परिषद नकार देते. ते स्फटिक बळाने हिसकावून घेण्याची ताकद तुमच्याकडे आहे, असे परिषदेचा प्रमुख थार्न म्हणतो, तेव्हा आम्ही तसे करणार नाही, याचाही विचार करावा, असे कर्क त्याला सांगतो. परतताना आयन-वादळामुळे ट्रान्सपोर्टर या माणसांना क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रात बिघाड होतो आणि हे चौघे भलत्याच यानावर प्रकट होतात, तर त्या यानावरचे त्यांचे प्रतिरूप यांच्या यानावर येतात.

बदल झाला आहे हे कोणीही तोंडाने सांगत नाही, ते दृश्यांतूनच उलगडत जाते. ट्रान्सपोर्टरच्या कक्षात उभे असलेले अधिकारी छातीवर मूठ आपटून हात पुढे फेकत सलाम करतात, त्यांच्या कमरेला खंजीर आहेत आणि यानाच्या चिन्हात पृथ्वीच्या गोलातून आरपार गेलेली तलवार आहे. कर्कचा दुय्यम अधिकारी, तर्कनिष्ठ परग्रहवासी स्पॉक याला इथे दाढी आहे. यंत्र हाताळताना चूक केल्याबद्दल स्पॉक ट्रान्सपोर्टर अधिकारी काइल याच्याकडे त्याचाच ‘ॲगोनायझर’ मागतो. वेदना देणारे हे छोटे यंत्र प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःच्या कमरपट्ट्याला बाळगायचे असते आणि वरिष्ठाने मागताच स्वतःच्या हाताने काढून द्यायचे असते. काइल ते देतो आणि यातनांनी कोसळतो. पुढे साऱ्या भागात साम्राज्याविषयी जे सांगितले जाते, त्याचे सार या एका प्रसंगात आले आहे: इथे शिक्षेचे साधन शिक्षा भोगणाऱ्यालाच जवळ बाळगावे लागते.

इथे वरिष्ठाचा खून करून बढती मिळवणे ही मान्य रीत आहे. यानावरचा अधिकारी चेकॉव्ह कर्कवर प्राणघातक हल्ला करतो आणि तो फसल्यावर त्याला यातनाकोठडीत टाकले जाते. सुरक्षाप्रमुख सुलू संधीची वाट पाहत असतो. संगणकाकडे चौकशी केल्यावर कर्कला कळते, की या विश्वातल्या कर्कने आधीचा कप्तान ख्रिस्तोफर पाइक याची हत्या करून पद मिळवले आणि नंतर ५,००० वसाहतकऱ्यांना ठार मारले. त्याच्या सत्तेचे रहस्य त्याच्या खोलीतल्या ‘टँटलस’ यंत्रात आहे. भिंतीत दडवलेल्या या यंत्राच्या पडद्यावर यानावरचा कोणताही माणूस पाहता येतो आणि एक कळ दाबली की त्याचे अस्तित्व पुसून टाकता येते. मार्लेना मोरो ही तरुणी कप्तानाची सखी म्हणून त्याच्या खोलीत राहते, आणि याच यंत्राने ती पुढे सुलूच्या माणसांना नाहीसे करून कर्कला वाचवते.

साम्राज्याचा हुकूम असा, की नकार देणाऱ्या हाल्कन लोकांचा संहार करावा. कर्क त्यांना विचारासाठी १२ तासांची मुदत देतो. यामुळे स्पॉकचा संशय बळावतो, आणि हुकूम पाळला गेला नाही तर कर्कला ठार मारण्याची आज्ञाही त्याला मिळते. या सर्व घडामोडींत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: दोन्ही विश्वांत हाल्कन लोक जसेच्या तसे आहेत. साम्राज्याच्या तोफा रोखलेल्या असतानाही थार्नचे उत्तर बदलत नाही. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, असे हा भाग दाखवत असला तरी तो नियम सर्वांना सारखा लागू पडतो, असे तो म्हणत नाही.

कथेचे केंद्र मात्र दाढीवाला स्पॉक आहे. तो साम्राज्याचा निष्ठावान अधिकारी आहे, शिक्षा देताना त्याचा हात थरथरत नाही, तरीही तो खोटे बोलत नाही आणि सत्तेचा लोभ धरत नाही. डॉ. मॅकॉयच्या मनाशी मन जोडून तो खरा प्रकार जाणून घेतो आणि चौघांना परत पाठवण्यासाठी ट्रान्सपोर्टर चालवायला स्वतः मागे राहतो. निघण्यापूर्वीच्या थोड्या वेळात कर्क त्याला दयेची महती सांगत बसत नाही, तर हिशेब मांडायला लावतो. हे साम्राज्य किती काळ टिकेल, असे विचारल्यावर स्पॉक सुमारे २४० वर्षांनी बंड होऊन ते कोसळेल, असे उत्तर देतो. मग ज्याचा नाश अटळ आहे आणि ज्यात माणसे व साधने वाया जातात, त्याची चाकरी करणे तर्काला धरून कसे, हा कर्कचा प्रश्न आहे. टँटलस यंत्राचा ठावठिकाणाही तो त्याला देतो. स्पॉक कोणतेही वचन देत नाही, विचार करीन एवढेच म्हणतो. लेनर्ड निमॉय यांनी हा प्रसंग अतिशय संयमाने केला आहे; नेहमीच्या स्पॉकमध्ये आणि या स्पॉकमध्ये त्यांनी स्वभावाचा फरक जवळजवळ ठेवलेला नाही, फरक आहे तो ते कोणाची सेवा करतात याचा. आपल्या विश्वात परतल्यावर कर्कला कळते, की तिथे आलेल्या प्रतिरूपांना मूळच्या स्पॉकने तत्काळ ओळखून कोठडीत टाकले होते. सुसंस्कृत माणसाला रानटीपणाचे सोंग घेता येते, रानटी माणसाला सुसंस्कृतपणाचे सोंग तितके सहज वठत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

विज्ञानाच्या बाजूने पाहता या भागात फारसे काही नाही. आयन-वादळ आणि यंत्रातला बिघाड ही निमित्ते आहेत, आणि दोन विश्वांमधली वाट थोड्याच वेळात बंद होणार, ही अट नाट्यासाठी घातलेली आहे. पुंजयामिकीतील (क्वांटम मेकॅनिक्समधील) मोजमापाच्या प्रत्येक शक्यतेला विश्वाची एक वेगळी शाखा मानणारी मांडणी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली केली होती. परंतु त्या मांडणीत वेगळ्या झालेल्या शाखांमध्ये माणसांची ये-जा होत नाही. शिवाय इतिहास इतका वेगळा असताना त्याच माणसांचा जन्म व्हावा आणि ती त्याच यानावर एकत्र यावीत, हे संभाव्यतेच्या दृष्टीने पटण्यासारखे नाही. कथेला मात्र त्याची नितांत गरज आहे, कारण अनोळखी माणसांचे क्रौर्य पाहून जो प्रश्न पडला नसता, तो उहुराला सुलूच्या चेहऱ्यावरची वासना पाहून पडतो.

बिक्सबी यांनी १९५० च्या दशकात लिहिलेल्या ‘वन वे स्ट्रीट’ या स्वतःच्याच लघुकथेत या कल्पनेचे बीज आहे. या भागाला १९६८ साली विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्या वर्षी नाट्यप्रस्तुतीच्या विभागातली पाचही नामांकने ‘स्टार ट्रेक’च्याच भागांना होती आणि पुरस्कार ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागाला मिळाला.

कर्कच्या उपदेशाचे पुढे काय झाले, याचे उत्तर प्रेक्षकांना २७ वर्षांनी मिळाले. ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिकेच्या ‘क्रॉसओव्हर’ या १९९४ मधील भागात असे सांगितले आहे, की स्पॉकने खरोखरच सत्ता हाती घेतली, सुधारणा केल्या आणि साम्राज्य निःशस्त्र केले. त्यानंतर क्लिंगॉन व कार्डेशियन या परग्रहवासी जमातींच्या युतीने ते जिंकून मानवजातीला गुलाम केले. मूळ भागातील आशेला दिलेले हे उत्तर कठोर आहे, पण अप्रामाणिक नाही: एका व्यक्तीच्या सद्बुद्धीने व्यवस्था बदलली, तरी तिच्या शेजाऱ्यांच्या मनातला जुना सूड तसाच उरतो. त्या मालिकेने या विश्वाकडे आणखी चार वेळा मोर्चा वळवला. २००५ साली ‘एंटरप्राइझ’ मालिकेने ‘इन अ मिरर, डार्कली’ हा दोन भागांचा वृत्तांत पूर्णपणे त्याच विश्वात घडवला, आणि ‘डिस्कव्हरी’ मालिकेच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वात साम्राज्याच्या सम्राज्ञीची भूमिका मिशेल यो यांनी केली. दाढी लावलेले दुष्ट प्रतिरूप ही खूण तर ‘स्टार ट्रेक’ न पाहिलेल्या प्रेक्षकांच्याही ओळखीची झाली.

मराठी वाचकाला समांतर विश्वाची ओळख प्रामुख्याने जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतून आहे. तिच्यात १७६१ च्या लढाईत विश्वासराव बचावतात आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. तिथे वाटा फुटण्याचा क्षण निश्चित आहे आणि पुंजयामिकीतील अनिश्चिततेच्या आधारे त्याचा खुलासाही केला आहे. ‘मिरर, मिरर’मध्ये साम्राज्याचा आणि ग्रहसंघाचा इतिहास नेमका कोणत्या क्षणी वेगळा झाला, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही.