दोषसिद्धीनंतरची बडतर्फी : अनुच्छेद ३११ ची पार्श्वभूमी

फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय बडतर्फ करता येते. ही तरतूद स्वातंत्र्याआधीची. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० मधून ती राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकात, म्हणजे चौकशीच्या नियमाला अपवाद सांगणाऱ्या भागात, आली. साक्षीपुरावे न्यायालयात तपासून झाल्यावर खात्याने तेच पुन्हा तपासायचे कशाला, हा त्यामागचा विचार.

वाद रंगला तो शिक्षेवरून. १९७५ मध्ये चल्लप्पन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, चौकशी नको, पण शिक्षा ठरवण्यापूर्वी कर्मचाऱ्याचे ऐका. ११ जुलै १९८५ ला तुलसीराम पटेल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आग्रह काढून टाकला. जबलपूरच्या या लेखापरीक्षकाने वरिष्ठाच्या डोक्यात लोखंडी सळी मारली होती. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सुटूनही त्याची सक्तीची सेवानिवृत्ती कायम राहिली. मात्र प्राधिकाऱ्याने निकालपत्र अभ्यासावे, गैरवर्तन किती गंभीर, कारभारावर परिणाम काय, सौम्य करणारी परिस्थिती होती का, हे तोलूनच शिक्षा ठरवावी, असेही घटनापीठाने बजावले. त्याच वर्षी मार्चमध्ये शंकर दास प्रकरणात पाचशे रुपयांच्या अपहारावरून झालेली बडतर्फी न्यायालयाला अवाजवी वाटली होती.

मंत्रालयातून निघणाऱ्या आदेशांना आधार असतो महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम १३ चा. आधी निकालाची प्रमाणित प्रत मिळवायची, मग शिक्षेचा विचार टिपणीत कारणांसह उतरवायचा. ‘न्यायालयाने दोषी ठरवले, सबब बडतर्फ’ एवढ्या एका ओळीचा आदेश मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अडचणीत येतो, आणि यायलाच हवा. दुसरी घोडचूक सहीची : बडतर्फीचा आदेश नेमणूक करणाऱ्याच्या हाताखालचा अधिकारी काढू शकत नाही. मुंबईतल्या कस्टम्स, आयकरसारख्या केंद्रीय कार्यालयांत केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधला नियम १९ लागतो; तिथे प्रस्तावित शिक्षेवर म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. महापालिका आणि बेस्टच्या कर्मचाऱ्यांना अनुच्छेद ३११ चे संरक्षण नाही, त्यांचे नियम वेगळे.

अपील दाखल केले, जामीन झाला, आता नोकरी वाचली, असे अनेकांना वाटते. तसे नसते. स्थगिती बहुधा शिक्षेच्या अंमलबजावणीला मिळते, दोषसिद्धी कायमच राहते. खात्याने अपिलाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही, हे नागूर मीरा प्रकरणात १९९५ मध्ये स्पष्ट झाले. पुढे निर्दोष ठरल्यास आदेशाचा फेरविचार होतो. मधल्या काळाचा पगार मात्र आपोआप मिळत नाही.