ओव्हरहेड वायरची घरगुती ठेकेदारी (सोलापूर)

रेल्वेमार्गावर विजेचे खांब उभारणे, तारा ओढणे, त्यांना ताण देणे आणि चालू तारांची देखभाल करणे ही कामे कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या-मध्यम फर्मनी पत्करण्याची व्यवसायपद्धत. तारांच्या या सगळ्या व्यवस्थेला रेल्वेत ‘ओएचई’ म्हणतात. सोलापूर परिसरात हा धंदा समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : येथे रेल्वे फार लवकर आली आणि तार फार उशिरा.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले, म्हणजे भोर घाटाचे काम पुरे होण्याच्याही आधी. याच कंपनीने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत भारतातली पहिली विजेची गाडी चालवली. तो प्रवाह १,५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा होता. भोर घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर असा, त्यामुळे वाफेच्या इंजिनांचा तिथे जीव निघे. साहजिकच वीज घाट चढून पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. पण तार पुण्यातच थांबली. पुढे कित्येक दशके सोलापूरकडे येणाऱ्या गाड्यांची इंजिने पुण्याला बदलत. त्या थांब्यावर उतरून चहा घेतलेले प्रवासी सोलापुरात घरोघरी सापडतील.

डीसी पद्धतीत उपकेंद्रे जवळजवळ लागतात आणि तारा जाड लागतात. सपाट मुलखातल्या लांब मार्गाला ते परवडत नसे. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ हजार व्होल्ट एसी (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाची) पद्धत स्वीकारली आणि उपकेंद्रांमधले अंतर ४० ते ६० किलोमीटरपर्यंत गेले. तरीही आधी क्रम लागला तो कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या पूर्वेकडच्या मार्गांचा. सोलापूर विभागात दुहेरीकरणही रेंगाळले होते. उजनीच्या फुगवट्याजवळचा भिगवण–वाशिंबे हा तुकडा शेवटपर्यंत एकेरी होता. अखेर १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. त्यानंतर तेराच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, औसा रोड–लातूर रोड हा ५२ किलोमीटरचा तुकडा विजेवर आला आणि मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मुंबईत सुरू झालेली तार अठ्ठ्याण्णव वर्षांनी सोलापूर विभागात पुरी झाली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये ज्या लातूरला पोहोचली होती, त्याच गावावरून हा शेवटचा तुकडा जातो. या गोष्टीला मध्य रेल्वेच्या इतिहासात मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

या कामात कुटुंबे का टिकली, याचे उत्तर बरेचसे टेंडरच्या अटींत आहे. रेल्वेच्या मोठ्या कामासाठी मागील सात वर्षांत तशाच प्रकारची कामे पुरी केल्याचा दाखला लागतो : टेंडरच्या किमतीच्या निदान ३० टक्क्यांची तीन, ४० टक्क्यांची दोन किंवा ६० टक्क्यांचे एक. नव्या माणसाला हा उंबरठा ओलांडता येत नाही. शिवाय बयाणा, सुरक्षा ठेव, बँक गॅरंटी आणि बिल निघेपर्यंत मजुरांचा पगार हे सारे स्वतःच्या खिशातून. म्हणून सुरुवात मोठ्या कंपनीच्या हाताखाली होते. पायाचे खड्डे, मग खांब, मग तार अशा पायऱ्या चढत फर्म दाखल्यापर्यंत पोहोचते, आणि एवढा धीर सहसा घरच्याच माणसांत असतो. एक भाऊ साइटवर, दुसरा टेंडर आणि मोजमाप-पुस्तकाच्या मागे, घरातली एखादी सून हजेरी आणि हिशेब सांभाळते. सोलापूरला हे नवे नाही. चादरी-टॉवेलांचे माग इथे अनेक घरांत राहत्या जागेला लागूनच चालतात. मागाच्या बीमवर (रुळावर) गुंडाळलेल्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, एक धागा सैल राहिला तर कापड बिघडते, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी कळलेले असते.

सोलापूरच्या ठेकेदाराची खरी परीक्षा जमिनीत असते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मातीत नेहमीचा पाया ओतला तर दोन-चार पावसाळ्यांत खांब कलतो, आणि खांब कलला की तारेची जागा बदलते. त्यामुळे रेल्वेच्या नकाशांत काळ्या मातीसाठी पायाचे प्रकारच वेगळे दिलेले आहेत. कोरड्या काळीसाठी एक, ओल्या काळीसाठी दुसरा. नकाशात मात्र दर खड्ड्याला माती कुठे बदलते ते नसते. वर काळी, चार फुटांवर मुरूम, पुढच्याच खड्ड्यात तळापर्यंत काळी. मातीचा गोळा मुठीत दाबून पाहणारा जुना मुकादम आणि शेजारी उभा असलेला त्याच्या मालकाचा शिकाऊ मुलगा, अशी या धंद्यातली शाळा असते. हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

वरचे काम मिलिमीटरचे. इंजिन जिला टेकून वीज घेते ती खालची काँटॅक्ट वायर १०७ चौरस मिलिमीटर तांब्याची; वरच्या आधाराच्या तारेला, म्हणजे कॅटनरीला, ती ड्रॉपर नावाच्या उभ्या तारांनी टांगलेली असते आणि परंपरागत रचनेत दोन्हींवर प्रत्येकी सुमारे हजार किलोचा ताण असतो. तार रुळाच्या मध्यावर सरळ धरत नाहीत. सरळ मार्गावर ती एका खांबाशी २०० मिलिमीटर डावीकडे, पुढच्याशी तेवढीच उजवीकडे ओढतात, म्हणजे इंजिनाच्या पँटोग्राफवरची (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्यावरची) कार्बनची पट्टी एकाच जागी कापली जात नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ७५० मीटर तार जवळजवळ अर्धा मीटर लांबते. सोलापूरच्या वैशाखात हा आकडा कागदावरचा राहत नाही. वाढलेली लांबी घेण्यासाठी टोकाच्या खांबाला कप्प्या आणि लोखंडी वजने लावलेली असतात. तार लांबली की वजने खाली उतरतात, थंडीत वर चढतात. पौषातल्या पहाटे आणि वैशाखातल्या दुपारी तोच खांब पाहिला तर वजनांच्या उंचीतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

फाटकावरही तारेचा धाक असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ४.६७ मीटर उंचीची कमान लावतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस रचलेल्या ट्रॉल्यांसाठी ती कमान जीव वाचवणारी आहे, आणि ती वाकलेली दिसली तर दुरुस्तीला एक दिवसही लावता कामा नये.

चालू मार्गावरचे काम ब्लॉकमध्ये होते : गाड्या थांबवायचा ट्रॅफिक ब्लॉक आणि वीज बंद करायचा पॉवर ब्लॉक. वीज बंद झाली म्हणजे तार मेली असे नाही. शेजारच्या चालू मार्गामुळे तिच्यात प्रवाह उतरतो आणि तो माणूस मारू शकतो. म्हणून लेखी परमिट हाती आल्यावर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेतला प्रवाह रुळात उतरवणारे अर्थिंगचे दांडे लावतात आणि मगच शिडी चढते. दांड्याचा क्लॅम्प आधी रुळाला आणि मग हूक तारेला. काढताना नेमके उलटे. घरच्या फर्ममध्ये हा क्रम चुलत्याने पुतण्याला शिकवलेला असतो आणि पुतण्या चुकला तर सगळ्यांसमोर रागावलेलाही असतो. घरचा माणूस घरच्यांच्या जिवाला जपतो, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ आहे. कमजोरीही तिथेच आहे. घरातला जाणता माणूस गेला की बऱ्याच फर्मचे कसबच जाते, कारण ते कुठेही लिहून ठेवलेले नसते.

लिहून आणि आखून ठेवल्याने काय साधते याचे उदाहरण स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या फुरर+फ्राय या कौटुंबिक कंपनीत दिसते. ती १९२३ मध्ये स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडल्यावर तो देश आपली रेल्वे झपाट्याने विजेवर नेत होता, तो हा काळ. ठेकेदारीपाशी न थांबता कंपनीने स्वतःचे आरेखन उभे केले आणि बोगद्यांसाठी ताठ वाहक-पट्टी विकसित केली. या पट्टीत ॲल्युमिनिअमच्या तुळईच्या तळाशी तांब्याची तार चिमट्यासारखी धरलेली असते. ताण नाही, वजने नाहीत, वरची जागाही कमी लागते. दिल्ली मेट्रोच्या भुयारी मार्गांवर याच तत्त्वाची ताठ पट्टी आहे.

विद्युतीकरणाची कामे आता शेकडो किलोमीटरच्या एकत्रित ठेक्यांत मोठ्या कंपन्यांकडे जातात आणि घरगुती फर्म पुन्हा हाताखालच्या कामावर येतात. नवी तार ओढण्याचे काम कमी झाले असले तरी देखभाल, यार्डांतले बदल आणि नवे मार्ग आहेत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग मुळातच विजेचा म्हणून बांधला जात आहे, आणि तुळजापूरकडे जाताना त्याची वाट याच काळ्या मातीतून आहे.