चीफटन खुर्ची: कागदावर यूल, लाकडात वोडर

डॅनिश आर्किटेक्ट फिन यूलनं आखलेली जुनी ‘चीफटन’ खुर्ची विकायला आली की जाणकार आधी ती उलटी करून बघतात. खालच्या लाकडावर डागून उमटवलेला शिक्का असतो. त्यावर पहिलं नाव निल्स वोडर या कोपनहेगनच्या कारागिराचं, आणि ‘डिझाइन: फिन यूल’ ही ओळ सगळ्यात शेवटी. जग खुर्ची ओळखतं ते यूलच्या नावानं. मला शिक्क्यावरचा क्रम जास्त पटतो.

या जोडीची मुळं 1927 सालात आहेत. कारखान्यात बनलेलं स्वस्त फर्निचर बाजारात आलं आणि कोपनहेगनमधल्या हातानं फर्निचर घडवणाऱ्या सुतारांचं गिऱ्हाईक तुटू लागलं. तेव्हा त्यांच्या संघानं दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. पुढं तरुण आर्किटेक्टांना सोबत घेतलं: चित्र त्यांनी काढायचं, वस्तू कारागिरानं घडवायची. हा शिरस्ता 1966 पर्यंत चालला. डॅनिश फर्निचरचं पुढं जगात जे नाव झालं, त्याचा बराचसा पाया पोटापाण्याच्या या काळजीतून घातला गेला.

फिन यूलचा जन्म 1912 चा. त्याला व्हायचं होतं कलेचा इतिहासकार. पण त्यात पोट कसं भरणार, असं कापडाचा व्यापार करणाऱ्या वडिलांचं म्हणणं (हा संवाद आपल्याकडच्या घरांना नवा नाही). म्हणून तो आर्किटेक्चरकडं वळला आणि आर्किटेक्ट विल्हेल्म लाउरिट्सेन यांच्या कार्यालयात दहाएक वर्षं राहिला. फर्निचरचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलेलं नव्हतं. त्या काळी डेन्मार्कमध्ये फर्निचरचे डिझायनर कारे क्लिंट यांच्या शिकवणीचा दबदबा होता. माणसाच्या शरीराची मापं घ्या, जुन्या उत्तम नमुन्यांचा अभ्यास करा, मग रेघ ओढा, अशी ती शिस्त. यूलचं लक्ष होतं हान्स आर्प, हेन्री मूर अशा शिल्पकारांकडं. 1940 मध्ये त्यानं ‘पेलिकन’ नावाची गुबगुबीत खुर्ची मांडली तेव्हा तिची संभावना ‘दमलेला वॉलरस’ अशी झाली.

वोडरची आणि त्याची गाठ पडली 1937 मध्ये, याच प्रदर्शनासाठी. वोडर वयानं वीस वर्षांनी मोठा, हाडाचा कारागीर. यूलच्या रेघा सुताराला घाम फोडणाऱ्या असत. त्याच्या लाकडाला कुठं सरळ धार नसे. हात जिथं पायाला मिळतो तिथं एक भाग दुसऱ्यात विरघळल्यासारखा दिसायला हवा असे. त्यात दोघांचं आवडतं लाकूड सागवान. सागवानात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळं पटाशीची धार लवकर जाते, आणि लाकूड तेलकट असल्यानं सांध्यात सरस नीट धरत नाही. दुसऱ्या कुणी ‘हे होणार नाही’ म्हणून कागद परत केला असता. वोडरनं तसं केलं नाही, आणि पुढची वीसेक वर्षं तो यूलचं काम करत राहिला.

‘चीफटन’ 1949 च्या प्रदर्शनातली. आकार काही तासांतच सुचला, चार उभ्या रेघांपासून सुरुवात झाली, असं तिच्याबद्दल सांगतात. रुंदी जवळपास एक मीटर. आपल्या दिवाणखान्यात ठेवायची तर आधी टीपॉय हलवावं लागेल. लाकडी सांगाडा आणि चामड्यानं मढवलेली बैठक व पाठ एकमेकांपासून सुटी दिसतात. उचलणारं वेगळं, उचललेलं वेगळं. हात ठेवायची जागा घोड्याच्या खोगिरासारखी पसरट, कडा खाली झुकलेल्या. शेजारी यूलनं शिकारीच्या हत्यारांचे फोटो लावले होते. ते बघितले की सांगाड्यातला धनुष्याचा बाक लगेच लक्षात येतो.

उद्‌घाटनाला आलेला डेन्मार्कचा राजा नववा फ्रेडरिक या खुर्चीत बसला. मग हिला ‘राजाची खुर्ची’ म्हणायचं का, असा प्रश्न एका पत्रकारानं केला. त्यापेक्षा टोळीच्या म्होरक्याची, म्हणजे ‘चीफटन’ची म्हणा, असं यूलचं उत्तर, आणि तेच नाव चिकटलं. आपल्याकडं तिला बहुधा ‘पाटलाची खुर्ची’ म्हटलं असतं. गंमत म्हणजे त्याच प्रदर्शनात डॅनिश डिझायनर हान्स वेगनरची ती गोल पाठीची खुर्चीही होती, जिच्यावर 1960 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या टीव्हीवरच्या वादविवादात केनेडी बसले. दोन्ही खुर्च्या एका वर्षाच्या, पण स्वभाव किती वेगळे! वेगनरची अंग चोरून बसते, यूलची ऐसपैस.

मायदेशात नाकं मुरडली जात असताना यूलला हात दिला अमेरिकेनं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाशी संबंधित एडगर कॉफमन ज्युनियर यांनी 1948 मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. 1951 पासून मिशिगनमधल्या बेकर कंपनीनं त्याचं फर्निचर कारखान्यात काढलं, आणि त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयातलं विश्वस्त मंडळाचं सभागृह त्याच्याकडं सजावटीला आलं.

वोडरच्या कारखान्यातून मात्र ‘चीफटन’ निघाल्या त्या मोजक्याच. 78 हा आकडा सांगितला जातो. हातानं घडवायला लागणारा वेळ आणि त्यामुळं चढणारी किंमत पाहता यात नवल नाही. साठच्या दशकात यूलची फॅशन ओसरली. 1989 मध्ये तो गेला, तेव्हा त्याचं नाव बरंच मागं पडलेलं होतं. पुढं वनकलेक्शन या डॅनिश कंपनीनं त्याच्या पत्नीच्या संमतीनं त्याचं फर्निचर पुन्हा बनवायला घेतलं, त्यात ‘चीफटन’ही आली. कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रपमधलं त्यानं स्वतः बांधलेलं घर 2008 पासून शेजारच्या संग्रहालयाचा भाग म्हणून लोकांना बघता येतं. तिथंही एक ‘चीफटन’ आहे.